धनुष्य सांध्याशीच का मोडते?

गेल्या एप्रिलमध्ये कारंजा (घाडगे) येथील एका शिक्षकमित्रांनी मोडक्या धनुष्याचे दोन तुकडे माझ्यापुढे ठेवले. 2023 साली नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिनमध्ये जगज्जेते झाले, तेव्हापासून त्यांच्या वर्गाला तीरकमठ्याचे वेड लागले होते. विकतचे धनुष्य परवडणारे नव्हते. म्हणून गुरुजींनी सागाच्या गाभ्यावर बांबूची पट्टी चिकटवून ते ऑगस्टमध्ये घरीच तयार केले. आठ महिने ते चालले आणि मग ऐन ताणात मुठीशी कडाडले. मुलाच्या गालावर ओरखडा आला. डोळा तेथून बोटभर अंतरावर होता.

‘गोंदच वाईट निघाला,’ असे गुरुजींचे मत. आपण आधी मोडलेला भाग पाहू. सांधा तुटल्यावर गोंदावर लाकडाचे धागे ओरबाडून आलेले दिसले, तर गोंदाने आपले काम केले आणि लाकूड हरले असे समजावे. एका तुकड्यावर गोंदाचा चकचकीत थर आणि दुसऱ्यावर कोरे लाकूड दिसले, तर गोंद लाकडाला धरलाच नव्हता. दोन्ही बाजूंना गोंद जवळजवळ नसेल, तर शिकंजा फार आवळल्याने तो बाहेर निघून गेला. नखाने दबणारा मऊ गोंद म्हणजे मिश्रणाचे प्रमाण चुकले. येथे प्रकार दुसरा होता. एक बाजू काचेसारखी, दुसरी कोरी.

मुळात सांधा हवाच कशाला? साडेपाच फूट लांबीचे, सरळ रेषांचे, बिनगाठीचे लाकूड सहसा मिळत नाही. शिवाय एकाच फळीतून शेजारशेजारचे दोन तुकडे काढून मध्ये जोडले, तर दोन्ही बाहू सारखे वाकतात. पण तुकडे टोकाला टोक लावून जोडता येत नाहीत. लाकूड म्हणजे नळ्यांची मोळी. नळ्यांची उघडी तोंडे गोंद शोषून घेतात आणि सांध्यात काही उरत नाही. म्हणून एका तुकड्याला माशाच्या शेपटीसारखी खाच व दुसऱ्याला तिच्यात बसणारे टोक करतात. गाभा 4 सेंटिमीटर रुंद व अडीच सेंटिमीटर जाड असेल, तर टोकाला टोक लावून 10 चौरस सेंटिमीटर जागा मिळते. 10 सेंटिमीटर खोल खाचेत तीच सुमारे 51 होते, आणि दोन दातांची खाच केली तर 100. शिवाय आता गोंद नळ्यांच्या तोंडांवर नसून त्यांच्या कुशीवर बसतो. खरा फायदा हाच आहे.

धनुष्य ओढताना वाकवणारा जोर मध्यभागी सर्वांत जास्त असतो, आणि सांधा नेमका तेथेच! यावर उपाय जाडीचा. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो आणि त्याच जोराखाली पृष्ठभागावरचा ताण चौथाई उरतो. म्हणून सांध्यावर दोन्हीकडून त्याच्याहून लांब पट्टी चिकटवतात. मात्र तिची टोके निमुळती करावीत. जाडी एकदम संपली, तर ताण तेथे गोळा होतो आणि चीर तेथून सुरू होते. वरून रेझिनमध्ये भिजवलेला दोरा घट्ट गुंडाळला, की चिरेला तोंड उघडणे अवघड जाते.

आता गुरुजींच्या धनुष्याकडे वळू. त्यांचा एक तुकडा जुन्या चौकटीचा होता, दुसरा वखारीतला. आमच्याकडे श्रावणातल्या दमट हवेत लाकडात 16 ते 18 टक्के ओलावा मुरतो आणि मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो 4-5 टक्क्यांवर येतो. ओलाव्यात दहा टक्क्यांचा फरक पडला, तर सागाची 4 सेंटिमीटर रुंदी पाऊण मिलिमीटरपर्यंत बदलू शकते. गोंदाचा थर याहून कितीतरी पातळ. दोन्ही तुकडे एकाच ओलाव्याचे असते तर बरोबरीने आकसले असते. येथे एक जास्त आकसला, दुसरा कमी, आणि मधला गोंद ओढला गेला.

दुसरी चूक अधिक साधी. चौकटीचा तुकडा रंधून तीन आठवडे तसाच ठेवला होता. सागातील तेलकट द्रव्ये पृष्ठभागावर येतात आणि गोंद भिजत नाही. पाण्याचा थेंब टाकून पाहावे. ताज्या रंधलेल्या लाकडावर तो पसरतो, जुन्यावर मण्यासारखा उभा राहतो. रंधा मारला त्याच दिवशी ॲसिटोनने पुसून गोंद लावावा. (शक्य असेल तर साग टाळून धामण घ्यावा. संस्कृतात त्याला ‘धन्वन’ म्हणतात, ते उगाच नव्हे.)

गोंद कोणता? सुताराचा पांढरा गोंद सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. दोन भाग मिसळून तयार होणारे इपॉक्सी बरे. पण त्याला शिकंज्याचा हलकाच दाब द्यावा, आणि उन्हाळ्यात थोडे थोडेच कालवावे, कारण तापमान दहा अंशांनी वाढले की ते सुमारे निम्म्या वेळात घट्ट होते. साधे इपॉक्सी 50-60 अंशांना मऊ पडू लागते, तेव्हा धनुष्य पत्र्याखाली किंवा बंद मोटारीत ठेवू नये.

सुटलेल्या सांध्याच्या फटीत नवा गोंद ओतणे व्यर्थ आहे. जुना थर पूर्ण काढून ताजे लाकूड लागेपर्यंत खाच नव्याने कापावी. लाकडाचे धागेच तुटले असतील तर ते चुलीत घालावे. नवे धनुष्य आठवडाभर पक्के होऊ द्यावे. मग भिंतीला अडकवून दोरी-कप्पीने, ताणकाटा लावून, दूर उभे राहून पुन्हा पुन्हा ओढावे. मुलाच्या हाती त्यानंतरच द्यावे.

गुरुजींचा नवा सांधा एकाच फळीतल्या दोन तुकड्यांचा आहे. त्याच फळीचा उरलेला तुकडा वर्गाच्या खिडकीत ठेवला आहे. मुले दर सोमवारी त्याचे वजन करून फळ्याच्या कोपऱ्यात लिहितात.