गुणवाचक इंग्रजी शब्द आणि आमचे उमेदवार



नोकरीसाठीं अर्ज करणाऱ्यास आपण उमेदवार म्हणतों. शब्द फारसी आहे, आणि उमेद म्हणजे आशा धरून असलेला, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजींत त्याच्या जोडीचा शब्द कॅन्डिडेट. तो लॅटिन भाषेंतून आला. प्राचीन रोममध्यें अधिकारपदासाठीं लोकांपुढें उभा राहणारा मनुष्य खडूनें पांढरें शुभ्र केलेलें वस्त्र अंगावर घेऊन हिंडत असे. त्यावरून शुभ्रवस्त्रधारी तो कॅन्डिडेट. एक जण आशा धरून दाराशीं बसतो, दुसरा उजळ पोशाख करून स्वतःस दाखवीत फिरतो. नांदेड-लातूरकडचीं मुलें पुण्यास किंवा हैदराबादेस मुलाखतीसाठीं जातात तेव्हां त्यांची जी अडचण होते, ती पुष्कळशी या दोन शब्दांमधल्या अंतरांत आहे, असें मला वाटतें.

ही अडचण बुद्धीची नव्हे. ज्या भागांतून ‘लातूर पॅटर्न’ हें नांव साऱ्या महाराष्ट्रांत गेलें, त्या भागांतल्या मुलांच्या अभ्यासाविषयीं कोणी शंका घेणार नाहीं. लेखी परीक्षा तीं सहज उतरतात. पण टेबलापलीकडचे गृहस्थ ‘स्वतःविषयीं कांहीं सांगा’ असें इंग्रजींत म्हणाले कीं चार विशेषणें बाहेर पडतात: हार्डवर्किंग, ऑनेस्ट, सिन्सिअर, पंक्चुअल. मागून येणारा मुलगाही तींच चार सांगतो, आणि त्याच्या मागून येणारी मुलगीही. यांत खोटें कांहींच नसतें; मुलें खरोखरच कष्टाळू आणि प्रामाणिक असतात. परंतु आपले गुण आपण सांगूं नयेत, ते शेजाऱ्यांनीं सांगावे, गुरुजींनीं सांगावे, असें आपल्या घरांतून शिकविलेलें असतें. आपल्याविषयीं बोलण्याची संवय मायबोलींतच नाहीं. मग इंग्रजींत ती कोठून येणार? तेथें मार्गदर्शक पुस्तकांतले शब्द उसन्या कोटासारखे अंगावर चढवावे लागतात, आणि उसना कोट खांद्यांत सैल पडावयाचाच.

परक्या भाषेंतून कामकाजाचे शब्द घेण्याची मराठवाड्यास नवलाई नाहीं. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत येथें निजामाचें राज्य होतें. कचेरी उर्दू, वरच्या शाळा उर्दू. १९१८ सालीं हैदराबादेस निघालेल्या उस्मानिया विद्यापीठांत सर्व विषय उर्दूंतून शिकवीत आणि इंग्रजी ही एक आवश्यक भाषा म्हणून असे. हजेरी, रुजू, बडतर्फ, राजीनामा हे शब्द मराठींत त्याहून कितीतरी शतकें आधीं आलेले. आमच्याकडे ते कचेरीमुळें आणखी ताजे राहिले, इतकेंच. शिवाजीमहाराजांच्या काळीं ‘राज्यव्यवहारकोश’ रचवून अशा शेंकडों शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले; तरीही आज नोकरी सोडणारा मनुष्य राजीनामाच देतो. माणसाच्या गुणांचे शब्दही याच वाटेनें आले: मेहनती, इमानदार, लायक, जबाबदार, गाफील. आणि येथें आल्यावर ते बदलले. मेहनत म्हणजे मूळ अरबींत संकट, कसोटी. गरीब म्हणजे परका, परदेशी. त्याचा निर्धन झाला, आणि मराठींत त्यापुढें जाऊन शांत, कोणास न दुखविणारा असाही झाला. म्हणून लखपतीच्या मुलाविषयींही आपण ‘पोरगा फार गरीब आहे हो’ असें कौतुकानें म्हणतों. हा पालट होण्यास कित्येक पिढ्या लागल्या. इंग्रजी शब्दांसाठीं तितकी सवड आमच्या मुलांना मिळालेली नाहीं.

मग काय होतें पाहा. स्वभावानें गरीब असलेला मुलगा ‘पुअर’ म्हणून बसला तर हंसें होईल, हें सर्वांस कळतें. पण साधा म्हणजे ‘सिंपल’ असें तो धिटाईनें सांगतो, आणि इंग्रजींत माणसास सिंपल म्हटलें तर बुद्धीनें मंद असाही ध्वनि निघतो, हें त्यास कोणी सांगितलेलें नसतें. चतुर म्हणजे ‘कनिंग’ असें पाठ केलेलें असतें. त्या शब्दास कपटाचा वास आहे. चिकाटी सांगावयाची असते आणि तोंडून हट्टीपणाचा ‘स्टबर्न’ निघतो. ज्या शब्दांना आपण मराठींत रुळवलें ते तर अधिकच फसवे. आपल्याकडे ‘पर्सनॅलिटी चांगली आहे’ म्हणजे मुलगा उंचापुरा आहे. मूळ लॅटिन शब्दांत नटाचा मुखवटा होता, इंग्रजींत माणसाचा अवघा स्वभाव आहे. ‘मुलगी होमली आहे’ ही आपल्या लग्नाच्या जाहिरातींतली स्तुति अमेरिकेंत वाचली तर मुलगी दिसावयास बेताची, असा अर्थ होतो! उलट ‘आक्रमक’ हा शब्द आपण भांडखोरास लावतों. पण माल खपविणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींत ‘ॲग्रेसिव्ह’ माणूस हवा असें हौसेनें छापतात. तें पद आपल्यासाठीं नव्हे असें समजून एखादा सुस्वभावी मुलगा अर्जच करीत नाहीं.

इंग्रजींत असे शब्द आहेत तरी किती? ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९३६ सालीं वेबस्टरच्या मोठ्या कोशांतून माणसामाणसांतला भेद सांगणारे शब्द वेंचून काढले. ते १७,९५३ भरले. त्यांचे त्यांनीं चार वर्ग केले. माणसाच्या ठायीं टिकून असणारे खरे स्वभावविशेष सांगणारे शब्द ४,५०४ निघाले. आणि केवळ बरा, वाईट, योग्य, नगण्य असा निवाडा देणारे ५,२२६! वर्णन करणाऱ्या शब्दांहून निवाडा देणारे अधिक. कोशांत प्रतिशब्द मिळतो, त्यांतला निवाडा बहुधा मिळत नाहीं. आणि मुलाखत घेणारे गृहस्थ ऐकत असतात तो निवाडाच. ‘ऑनेस्ट’ हा उमेदवारानें स्वतःविषयीं दिलेला निवाडा झाला. तो ऐकून पलीकडच्या माणसास नवें कांहीं कळत नाहीं.

येथें लातूरच्या बाजारपेठेचा उपयोग होतो. तेथें तूर-सोयाबीनच्या अडत दुकानांत माणसाची पारख फार बारीक आहे. अमुक माणूस ‘व्यवहाराला चोख’ आहे असें म्हणतात. या ‘चोख’ शब्दाचें इंग्रजी करावयास बसलें तर ऑनेस्ट अपुरा पडतो, पंक्चुअल अपुरा पडतो, ॲक्युरेट जवळ येतो पण कोरडा वाटतो. तथापि चोख माणूस करतो काय, हें सांगणें अगदीं सोपें आहे. शेतकऱ्यासमोर वजन घेतो, त्याच दिवशीं पट्टी हातांत देतो, आणि रोजकीर्द जुळल्यावांचून रात्रीं दुकान बंद करीत नाहीं. सुटींत काकांच्या दुकानीं बसलेल्या मुलानें हीं तीन कामें स्वतः केलेलीं असतात. पण हा आपला गुण आहे आणि तो मुलाखतींत सांगण्यासारखा आहे, हें त्याच्या ध्यानींमनींही नसतें. नांदेडच्या एखाद्या मुलीनें घरची शिकवणी चालवून धाकट्या भावाची फी भरलेली असते, आणि अर्जावर ती लिहिते ‘रिस्पॉन्सिबल’.

पालकांनीं म्हणून एवढें करून पाहावें. मुलगा विशेषणांची यादी पाठ करूं लागला कीं ती बाजूस ठेवावी आणि ‘असें तूं केव्हां वागलास?’ हें त्यास मराठींत विचारावें. आरंभीं तो लाजेल, स्तुति होते असें त्यास वाटेल; पण केलेलें काम सांगणें म्हणजे आत्मस्तुति नव्हे, हें दोनचार वेळांत उमगतें. मग तेंच इंग्रजींत म्हणवून घ्यावें. ‘सोयाबीनच्या हंगामांत मी दुकानाचा हिशेब लिहीत असें आणि तो रोज रात्रीं जुळवीत असें’, या वाक्याच्या इंग्रजीस सातवीच्या पुस्तकांतले शब्द पुरतात.