चीवर उतरवल्यानंतर

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तेव्हा दीक्षा देणारा स्वतः गृहस्थ होता. दोन दिवस आधी नागपुरात त्यांनी महास्थविर चंद्रमणींकडून त्रिशरण-पंचशील घेतलं आणि मग समोरच्या जनसागराला ते आपल्याच तोंडून दिलं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या या वनपट्ट्यात धम्म आला तो असा, संसारी माणसाच्या हातून. तरीही इथल्या एखाद्या गावात भंतेजी चीवर उतरवून संसारात परतल्याची बातमी आली की लोक आवाज खाली करून बोलतात. ‘टिकला नाही’ म्हणतात. कालपर्यंत ज्याच्या पाया पडलो त्याच्याकडे बघायचं कसं, हेच कळेनासं होतं. हे मला फार लागतं, कारण या न्यायनिवाड्याला धम्मात आधार नाही.

चीवर अंगावरून उतरणं आपल्याला नवीन नाही. श्रामणेर शिबिराला कितीतरी घरांतली मुलं, बाप, आजोबा बसलेले आहेत. मुंडन होतं, दहा शीलं घेतली जातात, दुपारनंतर जेवण नाही, पैशाला हात नाही. दहा दिवसांनी चीवर परत करून माणूस पंचशीलावर येतो आणि धानाच्या बांधीत नाहीतर खाणीतल्या पाळीवर जातो. त्याचं आपण कौतुक करतो. मग दहा वर्षांनी परतणाऱ्यानेच तोंड का लपवावं?

भिक्खूंचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकात परतण्यासाठी दार ठेवलेलं आहे. उपसंपदेला, म्हणजे पूर्ण भिक्खू होण्याला, दहा भिक्खूंचा संघ लागतो, मध्यदेशाबाहेर पाचांचा. सोडताना मात्र समजून घेणाऱ्या एका माणसापुढे शुद्धीवर आणि मनापासून ‘मी शिक्षा (भिक्खूची शिकवण) सोडतो’ एवढं म्हटलं की पुरे. थट्टेत किंवा भ्रमिष्ट अवस्थेत म्हटलेलं धरलं जात नाही. वैशालीच्या वज्जिपुत्तक भिक्खूंनी चीवर न सोडताच संसार भोगला आणि नंतर पुन्हा उपसंपदा मागितली, तेव्हा ती त्यांना नाकारली गेली. सांगून गेलेल्याला ती परत मिळते, असं तिथेच ठरलं. दोष लपवाछपवीत आहे, जाण्यात नाही.

धम्मपदाच्या अट्ठकथेतला चित्तहत्थ तर हरवलेला बैल शोधत रानात शिरलेला शेतकरी. भिक्खूंच्या जेवणातलं उरलेलं अन्न मिळालं, म्हणून तो भिक्खू झाला. सहा वेळा घरी गेला, सातव्यांदा आला तो अर्हत झाला. दर वेळी त्याला घेतलं गेलं. भिक्खुणीला मात्र ही मोकळीक नाही. एकदा गेलेलीला थेरवादी विनय पुन्हा उपसंपदा देत नाही. समतेसाठी धम्म घेतलेल्या समाजाने हा नियम मुकाट्याने मान्य करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मराठीतलं सर्वांत मोठं उदाहरण धर्मानंद कोसंबींचं. गोव्यातल्या सांखवाळचा, बायको आणि मुलगी असलेला हा तरुण बुद्धाच्या ओढीने घराबाहेर पडला. १९०२ साली सिलोनच्या विद्योदय परिवेणात त्याने प्रव्रज्या घेतली, पुढे ब्रह्मदेशात राहिला. १९०६च्या सुमारास चीवर ठेवून तो कलकत्त्यात पाली शिकवू लागला. मराठी माणसाला बुद्ध सांगायचा, हा ध्यास त्यामागे होता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महिना ५० रुपये दिले, अट अशी की राहायचं महाराष्ट्रात आणि लिहीत राहायचं. पुढे हार्वर्डला ‘विसुद्धिमग्गा’चं संपादन झालं, १९१२ ते १९१८ फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवणं झालं, परळला बहुजनविहार उभा राहिला. ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ या परतलेल्या संसारी माणसाने लिहिला. हिंदीतले राहुल सांकृत्यायनही भिक्खू होते आणि चीवर सोडल्यावरही लिहितच राहिले.

पण कोसंबींना महाराजांचा आधार मिळाला. आमच्याकडच्या परतलेल्या भंतेजींना काय मिळतं? शाळा अर्धवट सुटलेली, शेत भावांनी वाटून घेतलेलं, नोकरीचं वय निघून गेलेलं. आणि तो का गेला, हे तरी कुणी विचारतं? संघ म्हणजे एकत्र राहणारी माणसं, इथे मात्र बहुतेक विहारांत एकटा भिक्खू असतो. ताप आला तर पाणी देणारा सोबती नाही, चुकलं तर सांगणारा थेर नाही. ताडोबालगतच्या रामदेगीत डिसेंबर २०१८मध्ये ध्यानाला बसलेल्या भिक्खूचा बिबट्याने जीव घेतला. भोजनदान आणि चीवरदान करून आपली जबाबदारी संपते, असं मानणारे आपण उपासकही या एकटेपणाला कारण आहोत.

म्हणून मागणं साधं आहे. परतलेल्याला पाली येते, परित्राणपाठ येतो, ध्यान शिकवता येतं. विहारातला रविवारचा धम्मवर्ग त्याला मानधनावर द्यावा. राहिलेली परीक्षा द्यायची असेल तर विहार समितीने फी भरावी. लग्न ठरत असेल तर जुनं चीवर कुणी आड आणू नये. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर ऑक्टोबरात लोक जमतात, तिथे तो सहकुटुंब आला तर त्याला जागा करून द्यावी आणि ‘जय भीम’ म्हणून त्याची खुशाली विचारावी.