छोट्या विमानाचे मोठे शास्त्र

नाशिक जिल्ह्यात विमानाचा विषय निघाला की प्रथम आठवते ते ओझर. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा तेथील कारखाना १९६४ सालापासून लढाऊ विमानांशी जोडलेला आहे. मिग विमानांपासून सुरू झालेला हा प्रवास सुखोईपर्यंत आणि २०२५ साली तेजस मार्क-१ए पर्यंत येऊन पोहोचला. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून सुरगाणा तालुका आहे. डोंगरउतार, भात-नागलीची शेती, नार-पार नद्यांची खोरी आणि हातगडचा किल्ला ही त्याची ओळख. ओझरच्या धावपट्टीवरील कित्येक टन वजनाचे विमान आणि सुरगाण्याच्या एखाद्या मोकळ्या माळावर उडवलेले किलोभर वजनाचे रेडिओ कंट्रोल विमान यांत साम्य ते काय, असा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर एकच आहे. दोघांनाही हवेचे नियम सारखेच लागू होतात. किंबहुना लहान विमानाच्या बाबतीत ते अधिक कठोरपणे लागू होतात, कारण त्याचा वैमानिक विमानात बसलेला नसतो.

मॉडेल विमान हे केवळ खेळणे नव्हे, हे इतिहासही सांगतो. फ्रान्सच्या अल्फोन्स पेनो याने १८७१ साली पॅरिसमध्ये पिळलेल्या रबरावर चालणारे छोटे विमान उडवले. सुमारे ४० मीटरच्या त्या उड्डाणाने विमानाला स्थैर्य कशामुळे येते, याचा धडा घालून दिला. १९३७ साली अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचे मॉडेल रेडिओलहरींच्या साह्याने उडवले. आज ते स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मेनार्ड हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर २००३ साली पाच किलोपेक्षाही कमी वजनाचे मॉडेल कॅनडाच्या किनाऱ्यावरून आयर्लंडपर्यंत, जवळजवळ ३९ तासांत, अटलांटिक पार नेले. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचाच भाग आहे.

विमान हवेत राहते ते पंखांवर निर्माण होणाऱ्या उत्थापक बलामुळे. हे बल चार गोष्टींवर अवलंबून असते: हवेची घनता, पंखाचे क्षेत्रफळ, वेग आणि पंख समोरच्या हवेला ज्या कोनात सामोरा जातो तो कोन. यांपैकी वेगाचा प्रभाव सर्वांत मोठा. वेग दुप्पट झाला तर बल चौपट होते. वेग निम्मा झाला तर बल एक चतुर्थांशावर येते. वेग कमी झाल्यावर विमान त्याच उंचीवर ठेवायचे असेल, तर वैमानिक एलिव्हेटर ओढून नाक वर करतो, म्हणजेच कोन वाढवतो. मात्र या कोनाला मर्यादा आहे. साधारण १२ ते १५ अंशांच्या पुढे पंखाच्या वरच्या पृष्ठभागावरून वाहणारी हवा त्याला चिकटून राहत नाही, ती सुटते आणि उत्थापक बल एकाएकी ढासळते. यालाच ‘स्टॉल’ म्हणतात. मोटारीचे इंजिन बंद पडते त्याला आपण जे म्हणतो, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. इंजिन पूर्ण जोरात चालू असतानाही पंख स्टॉल होऊ शकतो.

एक उदाहरण घेऊ. पंखांचा विस्तार १४० सेंटीमीटर, रुंदी २० सेंटीमीटर आणि वजन १.२ किलो असे नवशिक्याचे विमान सरळ उड्डाणात ताशी सुमारे २८ किलोमीटरच्या खाली गेले की स्टॉल होईल. वळताना हा आकडा वाढतो. वळणात पंखाला वजन तर पेलावे लागतेच, शिवाय विमानाला आतल्या बाजूला खेचावेही लागते. त्यामुळे ४५ अंश कलून उंची कायम ठेवत वळताना स्टॉलचा वेग ताशी ३३ किलोमीटरवर जातो आणि ६० अंशांना तो ४० होतो. सरळ जाताना निर्धोक असलेला वेग वळणात घातक ठरतो तो असा.

लहान आकाराचा आणखी एक तोटा आहे. हवेचा चिकटपणा आणि तिची गतिजन्य ताकद यांचे गुणोत्तर ‘रेनॉल्ड्स अंक’ या संख्येने मोजतात. आपल्या उदाहरणातील विमानासाठी तो दीड लाखाच्या आत-बाहेर राहतो. चार आसनी खऱ्या विमानासाठी तो ५० लाखांच्या पुढे जातो. हा अंक जितका लहान तितकी हवा पंखावरून लवकर सुटते. म्हणून खऱ्या विमानाची हुबेहूब छोटी प्रतिकृती त्याच्याइतकी चांगली उडेलच असे नाही.

आता डिसेंबरातील सुरगाण्याचा एक माळ डोळ्यांसमोर आणावा. भाताची कापणी झालेली, खाचरे मोकळी, आकाश निरभ्र. वारा ताशी १८ किलोमीटर. नवशिक्या वैमानिक हवेच्या तुलनेत ताशी ३६ किलोमीटर वेगाने विमान उडवतो आहे. विमान वाऱ्याविरुद्ध जाते तेव्हा जमिनीवरून पाहणाऱ्याला ते ताशी अवघ्या १८ किलोमीटरने सरकताना दिसते. वळून वाऱ्याच्या दिशेने निघाले की तेच विमान ५४ किलोमीटरने पळताना दिसते. प्रत्यक्षात पंखाच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते. डोळे मात्र घाबरतात. वेग फार झाला असे वाटून वैमानिक थ्रॉटल कमी करतो आणि विमान ‘आटोक्यात’, म्हणजे ताशी ४० वर आणतो. त्या क्षणी हवेच्या तुलनेतील वेग २२ उरलेला असतो. स्टॉलची मर्यादा २८ ची. विमान कोसळते आणि दोष रेडिओला दिला जातो.

खऱ्या विमानाच्या वैमानिकासमोर हवेचा वेग दाखवणारे यंत्र असते. कंट्रोल सैल पडल्याचे हाताला जाणवते, अंगावर येणारा भार कळतो. जमिनीवर ट्रान्समीटर घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे यांतले काहीच नसते. त्याला दिसते ती जमिनीशी तुलना. पंखाला कळते ती फक्त हवा. रेडिओ कंट्रोल विमान शिकणे म्हणजे मुख्यतः ही तफावत मनात पक्की करणे होय.

दुसरी अडचण सहजप्रवृत्तीची. विमान खाली येऊ लागले की हात आपोआप स्टिक मागे ओढतो. स्टॉलमध्ये हीच कृती विनाशक ठरते, कारण तिने कोन आणखी वाढतो. योग्य कृती उलटी आहे. आधी एलिव्हेटर सैल सोडून नाक खाली जाऊ द्यावे, थ्रॉटल वाढवावा, वेग आल्यावर पंख समतल करावेत आणि मगच हलकेच वर यावे. यासाठी उंची लागते. म्हणूनच स्टॉलचा सराव भरपूर उंचीवर करायचा आणि जमिनीजवळची वळणे नेहमी उथळ ठेवायची. स्टॉलच्या काठावर झुकलेला पंख एलेरॉनने उचलू नये, हेही लक्षात ठेवण्याजोगे. खाली वळलेला एलेरॉन त्याच पंखाचा कोन वाढवतो, तो पंख आधी स्टॉल होतो आणि विमान गिरकी घेत खाली येते. रडरचा वापर येथे अधिक सुरक्षित असतो.

विमान आपल्याकडे येत असताना डावे-उजवे उलटे होते. यावर एक सोपी युक्ती आहे. जो पंख खाली झुकलेला दिसतो, त्याच बाजूला स्टिक न्यावी, जणू त्या पंखाला खालून आधार द्यायचा आहे.

डोंगराळ प्रदेशात या सगळ्याला स्थानिक हवेची जोड मिळते. हातगड-सापुताऱ्याच्या बाजूला भूभाग हजार मीटरच्या आसपास चढतो. या उंचीवर ३५ अंश तापमानाच्या दुपारी हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाणित हवेपेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी कमी भरते. परिणामी आपल्या विमानाचा स्टॉलचा वेग २८ वरून जवळजवळ ३१ होतो आणि प्रोपेलरची ओढही घटते. त्याहून फसवा असतो तो डोंगराचा आडोसा. वारा डोंगरावर ज्या बाजूने आदळतो, तेथे हवा वर चढते. घारी पंख न हलवता तरंगतात त्या तिथे. कड्याच्या पलीकडच्या, आडोशाच्या बाजूला वारा मंद वाटतो, म्हणून नवशिक्या नेमकी तीच जागा निवडतो. तेथे मात्र हवा खाली कोसळत असते आणि तिचे भोवरे फिरत असतात. उड्डाणासाठी कड्यांपासून दूरचे मोकळे मैदान आणि सकाळची वेळ निवडणे श्रेयस्कर. ऊन चढल्यावर तापलेल्या जमिनीवरून उठणारे हवेचे लोट हलके विमान सहज उधळतात.

उड्डाणाचे निम्मे यश जमिनीवरच ठरते. गुरुत्वमध्य बहुतेक साध्या विमानांत पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांवर असावा. २० सेंटीमीटर रुंद पंखासाठी म्हणजे ५ ते ६.५ सेंटीमीटरवर. नाक थोडे जड असेल तर विमान सुस्त होते, पण हातात राहते. शेपूट जड असेल तर प्रत्येक हालचाल वाढत जाते आणि ते सावरता येत नाही. बॅटरी सरकवून हा तोल साधता येतो. त्यानंतर प्रत्येक कंट्रोल योग्य दिशेला हलतो का, ट्रान्समीटर दूर नेल्यावर संपर्क टिकतो का आणि संपर्क तुटल्यास मोटर आपोआप थांबते का, हे तपासावे.

ही काळजी केवळ विमान वाचवण्यासाठी नाही. किलोभर वजनाची वस्तू ताशी ४०-५० किलोमीटरने आली, तीही फिरत्या प्रोपेलरसह, तर ती माणसाला गंभीर इजा करू शकते. भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनी शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या मॉडेलना प्रकार-प्रमाणपत्रातून सूट दिली. तथापि हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे व लाल विभाग सर्वांनाच बंधनकारक आहेत. ओझरसारख्या विमानतळाच्या परिसरात आणि दूरच्या माळावर एकच मोकळीक मिळत नाही. उड्डाणापूर्वी ‘डिजिटल स्काय’ नकाशा पाहणे आणि माणसे, गुरे व विजेच्या तारा यांपासून दूर राहणे, एवढे पथ्य पाळायलाच हवे.

खऱ्या विमानांच्या कित्येक अपघातांमागेही धावपट्टीजवळच्या वळणात झालेला स्टॉलच असतो. कमी वेग, अधिक कल आणि घाबरून मागे ओढलेली स्टिक, हाच तो क्रम. मॉडेल उडवणाऱ्या मुलामुलींना हा धडा थर्माकोलचा एखादा पंख मोडून शिकता येतो. त्यांच्यातील कुणी पुढे खऱ्या कॉकपिटमध्ये बसले, तर माळावर लागलेली ही सवय तेथेही त्यांच्या उपयोगी पडेल.