मोटरीचा आवाज बदलला की कान टवकारतात. डिप्रेशनमध्ये मेंदूचं हे काम बिघडतं का?

शेतकरी बांधावर गप्पा मारत बसलेला असतो. विहिरीवरची मोटर एका लयीत चालू असते, तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. पण विहिरीचं पाणी तुटलं आणि मोटर हवा ओढू लागली, की तो बोलता बोलता थांबतो आणि उठून विहिरीकडे निघतो. आवाज बदलल्याचं त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ते त्याच्या मेंदूनं पकडलेलं असतं.

लक्ष नसतानाही बदल टिपायची ही मेंदूची सवय शास्त्रज्ञ यंत्रावर मोजतात. नैराश्य, म्हणजेच डिप्रेशन असलेल्या माणसांमध्ये या कामात काही फरक पडतो का, यावरही बरंच संशोधन झालं आहे.

हे मोजतात कसं?

डोक्याला बारीक तारा लावून मेंदूतली विजेची हालचाल टिपली जाते. या तपासणीला ईईजी म्हणतात. फिट येणाऱ्या रुग्णांची करतात, तीच ही तपासणी. यात शॉक लागत नाही, दुखतही नाही.

माणसाला आवाज बंद केलेला सिनेमा बघायला बसवतात आणि कानाला हेडफोन लावतात. त्यातून एकसारखा ‘टूं, टूं, टूं’ आवाज येत राहतो. अधूनमधून एखादा ‘टूं’ थोडा वरच्या पट्टीतला किंवा लांबलेला असतो. माणूस सिनेमात गुंग असला, तरी वेगळा आवाज आल्यावर साधारण 100 ते 250 मिलिसेकंदांत, म्हणजे पाव सेकंदाच्या आत, मेंदूत एक छोटी लहर उमटते. फिनलंडचे शास्त्रज्ञ रिस्टो नाटानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये या लहरीची माहिती जगापुढे मांडली. नवजात बाळांमध्येही ती टिपता आली आहे.

थोडक्यात, पुढचा आवाज कसा येणार याचा मेंदू आधीच अंदाज बांधून ठेवतो. अंदाज चुकला की ही लहर उठते.

डिप्रेशनमध्ये काय दिसलं?

काही अभ्यासांत डिप्रेशनच्या रुग्णांमध्ये ही लहर लहान झालेली आढळली. काहींत ती उलट मोठी दिसली, तर काहींत फरकच दिसला नाही. रुग्णाचं वय, आजार किती जुना, गोळ्या चालू आहेत का, आवाजाची पट्टी बदलली की लांबी, अशा अनेक गोष्टींनी निकाल बदलू शकतो. शिवाय बऱ्याच अभ्यासांत माणसं थोडीच होती. स्किझोफ्रेनिया या आजारात मात्र ही लहर लहान होत असल्याचं अनेक अभ्यासांत वारंवार दिसलं आहे.

त्यामुळे ‘मेंदूचा आलेख काढून डिप्रेशन ओळखून देतो’ असं कुणी सांगत असेल, तर त्यासाठी पैसे घालवू नका. या लहरीवरून डिप्रेशनचं निदान होत नाही. डॉक्टर रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलूनच निदान करतात. थायरॉईड, रक्त कमी असणं अशी दुसरी कारणं आहेत का, हे बघायला कधी रक्ताची तपासणी सांगतात.

मग याचा आपल्याला उपयोग काय?

घरातलं माणूस गप्प गप्प राहतं, हाक मारली तरी ओ देत नाही, सांगितलेलं विसरतं. लोक म्हणतात, ‘आळस आहे’, ‘नाटक करतंय’, ‘बाहेरचं काहीतरी असंल’. पण डिप्रेशन हा आजार आहे. त्यात मन एकाग्र होत नाही, विचारांचा आणि हालचालींचा वेग मंदावतो. ‘मन घट्ट कर’ म्हटल्यानं तो बरा होत नाही.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघावी. ऐकूच कमी येत असेल, तर माणूस चारचौघांत बसणं टाळतं, एकटं पडतं आणि त्यातूनही उदासी वाढते. अशा वेळी कानाची तपासणी करून घ्यावी.

ही लक्षणं दोन आठवडे राहिली तर दवाखाना गाठा

- दिवसातला बराच वेळ, जवळजवळ रोज मन उदास असणं
- आवडीच्या कामातही मन न लागणं
- झोप किंवा भूक फार कमी किंवा फार जास्त होणं
- सतत थकवा, कशातच लक्ष न लागणं
- ‘माझा काही उपयोग नाही’ असं वाटत राहणं

जीव द्यावा असे विचार बोलून दाखवले, तर दोन आठवडेही थांबू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका, कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवा आणि लगेच दवाखान्यात न्या.

समुपदेशन आणि औषधं, दोन्हींचा उपयोग होतो. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून ‘फरक नाही’ म्हणत मनानंच बंद करू नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा नंबर मोफत आहे. तो 24 तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

मोटरीचा आवाज बदलला की आपण लगेच उठतो. घरातल्या माणसाचा आवाज बदलला, तर तेवढ्याच तातडीनं उठायला हवं.