गाणाऱ्या पोरीचं ताट

गेल्या वर्षी माझ्या पुतणीचं लग्न झालं. सकाळी सनई-चौघडा आणि वरातीला बँड, एवढं तर ठरलेलंच होतं. रिसेप्शनला काय, यावरून मात्र घरात दोन तट पडले. मुलांना डीजे हवा होता. सासूबाई म्हणाल्या, "त्या डीजेनं माझ्या छातीत धडधडतं. गाणारी माणसं आणा." त्यांचंच चाललं आणि ऑर्केस्ट्रा ठरला.

भाऊजींनी फोनवरच सगळं पक्कं केलं. जिल्ह्याच्या गावातले सात-आठजण. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, एक गायक, एक गायिका आणि निवेदक. सुपारी पोचली आणि आम्ही निश्चिंत झालो.

संध्याकाळी पाचला मंडळी आली. सामान उतरवलं, वायरी जोडल्या. आम्ही नटण्यामुरडण्यात. एवढ्यात गायिका माझ्यापाशी आली. वय असेल बावीस-तेवीस. हळूच म्हणाली, "काकू, साडी बदलायला कुठं खोली मिळेल का?" कार्यालयात वधूपक्षाची खोली होती, वरपक्षाची होती. तिच्यासाठी खोली लागेल, हे आमच्या मनातही आलं नव्हतं. एरवी ती गाडीतच बदलते म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला आमच्या खोलीत नेलं.

कार्यक्रम छान रंगला. जुनी गाणी लागली तशी सासूबाई मांडीवर ठेका धरू लागल्या. पण नऊच्या सुमारास चार-पाच पोरं स्टेजवर चढली. एकाने नोट नाचवत तिचा हात धरला. ती हसतमुखानं गात राहिली, डोळे मात्र घाबरलेले. पोरं परकी नव्हती हो, आमच्याच भावकीतली! जाऊबाई कानाशी म्हणाल्या, "जाऊ द्या, शुभकार्य आहे, वाद नको."

खरं सांगते, क्षणभर मीही थांबले. बचत गटाच्या बैठकीत बायकांच्या सन्मानावर बोलणारी मी! मग उठले, स्टेजवर गेले आणि तिच्या शेजारी उभी राहिले. निवेदकाच्या हातून माइक घेतला आणि म्हटलं, "बाळांनो, खाली बसून ऐका. फर्माईश चिठ्ठीवर द्या." पोरं उतरली. लग्नाचं काही बिघडलं नाही.

दहाला कार्यक्रम थांबला. मंडळी सामान बांधेपर्यंत केटररने भांडी आवरायला घेतली होती. त्यांना जेवायला कुणी विचारलंच नव्हतं! उरलंसुरलं गरम करून मी पानं वाढली. ती पोरगी म्हणाली, "काकू, कार्यक्रम पुष्कळ होतात, पण असं बसवून कुणी वाढत नाही."

मैत्रिणींनो, यंदा धाकटीचं लग्न ठरलं तेव्हा ठरवण्याचं काम मी माझ्याकडे घेतलं. साध्या कागदावर सगळं लिहिलं. किती माणसं येणार, किती तास गाणार, साउंड कोणाचा, गाडीभाडं कोणाकडे, आगाऊ किती आणि बाकी केव्हा, कार्यक्रम रद्द झाला तर पैशांचं काय. खाली दोघांच्या सह्या. लाउडस्पीकरची लेखी परवानगी आधीच काढली. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर लावता येत नाही. म्हणून सुरुवातच सातला ठेवली. वीज गेली तर जनरेटर आहे का, हेही कार्यालयात विचारून घेतलं.

त्याच कागदावर आणखी तीन ओळी लिहिल्या. गायिकेसाठी कडी असलेली खोली. कलाकारांची पानं केटररच्या हिशेबात धरलेली. स्टेजवर कुणी चढायचं नाही, आणि ते बघायला घरातली दोन वडीलधारी माणसं.

भाऊजी हसले, "वहिनी, एवढं कशाला?" मी म्हटलं, "आपली पोरगी त्या दिवशी स्टेजवर खुर्चीत बसलेली असते, दुसऱ्याची पोरगी तिथंच उभी राहून गात असते. घरी तिचीही आई वाट बघत असेल की!"

तुमच्या घरी कार्य निघालं, तर या तीन ओळी तेवढ्या विसरू नका.