पतंगांची सोयरीक

फुलपाखरू म्हटलं की डोळ्यांपुढे रंग येतात. पण बारामती-इंदापूरकडे याच गणातला एक मळकट पांढरा, जाड अंगाचा पतंग कित्येक घरांच्या खर्चाला हातभार लावतो. तो उडू शकत नाही. खाण्यापुरतं तोंडही त्याला उरलेलं नाही. हा रेशमाचा पतंग. उसाच्या पट्ट्यात तुतीचे मळे दिसू लागले, बारामतीच्या बाजार समितीत कोषांची खरेदी-विक्री सुरू झाली, ती याच्या अळीच्या जिवावर.

इंदापूर तालुक्यातल्या एका संगोपनगृहात त्या घरच्या आजींनी मला विचारलं, ‘‘दादा, ज्वारीचं बी आम्ही घरचंच धरत आलो. मग या किड्यांची अंडी दर वेळी इकत कशापायी आणायची? कोषातनं पतंग निघतोय, अंडीबी घालतोय की!’’

प्रश्न बिनतोड होता. उत्तर संकरात आहे.

म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेने १९९०च्या दशकात सीएसआर-२ आणि सीएसआर-४ हे दुबार वाण तयार केले. पहिल्याचा कोष लंबगोल, दुसऱ्याचा मध्ये कमरेसारखा आवळलेला. दोघांची सोयरीक जमवली, की संततीचा कोष या दोहोंच्या मधल्या घडणीचा होतो. अळ्या दणकट निघतात, मरतुक कमी होते, धागा लांब मिळतो. शेतकीच्या भाषेत हा ‘संकर जोम’. जपानच्या तोयामा कामेतारो यांनी १९०६ मध्येच अशी संकरित अंडी वापरा, असं सांगितलं होतं.

पण हा जोम पहिल्या पिढीचा. भावंडांचीच लग्नं लावली, की आजी-आजोबांचे गुण पुन्हा विखुरतात. काही कोष गोल, काही आवळलेले. काही अळ्या आज पिकतात, काही दोन दिवसांनी. सूत काढणाऱ्याला हवा असतो एकसारखेपणा. तो गेला, की भाव गेला.

रानात हिशेब आणखी कडक. दक्षिण अमेरिकेतल्या हेलिकोनियस फुलपाखरांच्या पंखांवरची नक्षी म्हणजे ‘मी विषारी आहे’ अशी पाटीच असते. संकरित फुलपाखराची नक्षी सरमिसळ होते. पक्ष्यांना ती पाटी वाचता येत नाही आणि ते चोच मारतात. शिवाय फुलपाखरांत संकरातल्या वांझपणाची झळ बहुधा माद्यांना आधी लागते. तरीही एखादा संकर तगतो. कोलंबियातलं हेलिकोनियस ह्यूरिपा असंच दोन जातींच्या मिलनातून उपजलं असावं, असं २००६ मध्ये संशोधकांनी दाखवलं.

आपल्या रेशीमकिड्याला मात्र रान उरलेलं नाही. हजारो वर्षं माणसाच्या हातावर वाढून त्याने उडणं सोडलं. त्याचा धडधाकटपणा आपल्या तुतीच्या पाल्यावर, स्वच्छतेवर आणि थंडाव्यावर टेकलेला आहे.

म्हणून आजींना मी एवढंच सांगितलं, की विकत आणतो ती नुसती अंडी नसतात. कुणीतरी दोन्ही घराणी वेगवेगळी, निरोगी राखलेली असतात, त्याचं ते मोल असतं. ती मूळ घराणी जपली, तरच पुढच्या पिकाची सोयरीक जमणार.