बोल्टाच्या डोक्यावरचा ‘एफ’

जुनी लष्करी जीप विकाऊ आहे असं कळलं की बघायला गेलेली माणसं आधी बॉनेट उघडतात. मी आधी जमिनीवर आडवा होतो. रेडिएटरच्या खाली चासीच्या दोन बाजूंना जोडणारा एक आडवा दांडा असतो. तो गोल नळीचा असला तर गाडी विलीज एमबी, चौकोनी असला तर फोर्ड जीपीडब्ल्यू. ही खूण सहसा फसवत नाही. बाकी सगळं, विशेषतः आपल्याकडे, बदललेलं असू शकतं आणि बहुधा असतंच.

इतिहास झटपट उरकतो. १९४० साली अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. बॅन्टम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्टकडून आराखडा करून घेतला आणि ४९ दिवसांच्या मुदतीत नमुना हजर केला. मोठं काम मात्र विलीजला मिळालं, आणि एकट्या विलीजला ते झेपेना म्हणून फोर्डलाही. दोघांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीपा केल्या. दुसरं महायुद्ध संपल्यावर भारतातल्या लष्करी डेपोंतून त्या लिलावात निघाल्या, आणि पुढे महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या. असो.

खरी गंमत बोल्टांत आहे. दोन्ही कारखान्यांचे सुटे भाग एकमेकांना बसलेच पाहिजेत, ही लष्कराची अट होती. फोर्डने ती पाळली, पण आपल्या भागांवर ‘एफ’ ठोकून ठेवला. ब्रॅकेटवर एफ, हुकावर एफ, बोल्टाच्या डोक्यावर एफ. दुसऱ्याच्या सदोष मालाचं खापर आपल्यावर फुटू नये म्हणून, असं जाणकार सांगतात. कारण काही असो, माझ्यासारख्यांची सोय झाली.

माझी जीप शिरोळकडच्या एका गोठ्यात वैरणीखाली होती. कधीकाळी मागे फूटभर पत्रा वाढवून ती वडापला, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीला, फिरवलेली. सिल्व्हर रंग खरवडला तर खाली निळा, त्याखाली पांढरा आणि तळाशी तो मळकट लष्करी हिरवा. बंपरच्या बोल्टावर पॉलिश पेपर फिरवताना आधी एक उभी रेघ उमटली, मग तिला दोन आडव्या फुटल्या. मी ओरडलोच. शेजारी बसलेला मित्र म्हणाला, “लेका, बोल्ट हाय तो. जरा हळू.”

हा माझा शाळेतला मित्र. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्याचा लेथ आहे. जीपविषयी त्याला काडीचं प्रेम नाही; लोखंडाविषयी आहे. बाजारात आता मिलिमीटरचे बोल्ट मिळतात, जीपचे आटे इंची. तीन सुती बोल्टाला इंचात चोवीस आटे लागतात, ते त्याने पोलादी सळईवर काढून दिले. इंजिन जाम होतं. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि ऑइल ओतून त्याने ते आठवडाभर तसंच भिजत ठेवलं. हातोड्याला हात लावू दिला नाही. मग पुढून हँडल घालून दोघांनी पाव वेढा, पाव वेढा करत फिरवलं. या इंजिनाचे व्हॉल्व्ह डोक्यात नसून कुशीत असतात. टॅपेट लावायचे तर मॅनिफोल्डच्या मागे बोटं घालून, फीलर गेजने चौदा थाऊ (इंचाचे चौदा हजारांश) मोजत, अंदाजाने पाना फिरवायचा. त्याची बोटं तिथे शिरतात, माझी शिरत नाहीत.

विषयांतर होतंय, पण हेडलाइटविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते बिजागरीवर आहेत. एक पाकळीचा नट सैल केला की दिवा मागे वळतो आणि थेट इंजिनावर उजेड पाडतो. अंधारात दुरुस्ती करणाऱ्याचा एवढा विचार पुढच्या गाड्यांत कुणी का केला नाही, हे मला कळत नाही. जीपचं कौतुक निघालंच आहे, तर हेही: नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलं की लोक रणगाड्यांपुढे फोटो काढतात. मला तिथे अब्दुल हमीद आठवतात. १९६५ साली खेमकरणला त्यांनी पॅटन रणगाडे फोडले, ते जीपवर बसवलेल्या तोफेने.

आमचं भांडण ‘ओरिजिनल’वरून. चासी फोर्डची, ग्रिल महिंद्राचं सात फटींचं आणि इंजिनावर शिक्का एमबी. मूळचं नऊ फटींचं ग्रिल मी मिळवलं. बॅटरीही सहा व्होल्टचीच ठेवली. “गाडी पळवायची हाय का देवघरात ठेवायची?” असं त्याने कितीदा तरी विचारलं. माझ्या मते इंजिन बदललेलं असलं तरी ती भेसळ नव्हे. युद्धातले मेकॅनिकही हाती येईल ते बसवत होते. वडापचा वाढीव पत्रा मात्र मी निर्दयपणे कापला.

२०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. मित्राला ही अट सांगितली तेव्हा तो पोट धरून हसला.

आता कराडकडे कुणाच्या विहिरीवर पंपाला जोडलेलं जीपीडब्ल्यू शिक्क्याचं इंजिन पडून असल्याचं कळलंय. “चालू इंजिन काढून बंद इंजिन बसवणार? येड लागलंय तुला,” मित्र म्हणाला. रविवारी निघतोय. टेम्पो त्याचाच आहे.